मांडणीची शिस्त

शुद्धलेखनाच्या तासाला पुष्कळांच्या मनात येते की, अर्थ कळला म्हणजे झाले. मग एवढा आग्रह कशास? हा वाद एके काळी थोरांतही होता. कोणी 'घरें' लिही, कोणी 'घरे'. अखेर मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम ठरविले व १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर घातली. आपल्या नागपूरचा विदर्भ साहित्य संघ ही त्या महामंडळाचीच एक घटक संस्था होय.

संगणकासाठी मनुष्य ज्या आज्ञा लिहितो, त्यांस सोर्स कोड म्हणतात. सी भाषेत ओळ समासापासून किती आत सरकवावी, याची यंत्रास पर्वा नसते. वाचणारा मनुष्य मात्र त्यावरूनच अर्थ लावतो. यातून केवढा अनर्थ होतो, हे २०१४ च्या फेब्रुवारीत दिसून आले. ॲपल कंपनीच्या आयफोनमध्ये समोरचा संगणक खरा की तोतया, हे पारखणाऱ्या भागात एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ आत सरकवलेली असल्यामुळे ती वरच्या अटीच्या अधीन आहे, असा भास होई. यंत्राने मात्र ती प्रत्येक वेळी पाळली, आणि शेवटची पडताळणी वगळली गेली! मांडणी नियमाप्रमाणे असती, तर ती ओळ समासाकडे सरकून उघडी पडली असती.

हे काम यंत्राकडेच सोपविता येते. त्या साधनास फॉर्मॅटर म्हणतात. सी भाषेसाठी क्लँग-फॉर्मॅट आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या गो भाषेबरोबर गोफम्ट येते. परंतु साधन असून ते वापरण्याची आठवण राहिली नाही, तर उपयोग काय? म्हणून ते बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम सिद्ध करणाऱ्या व्यवस्थेत गोवावे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत रचलेले 'मेक' हे अशा व्यवस्थेचे जुने उदाहरण होय.

त्याची रीत अशी. प्रथम सर्वांनी मिळून नियम ठरवावेत व त्यांची फाइल कोडसोबतच ठेवावी. सर्वांच्या संगणकांवर फॉर्मॅटरची एकच आवृत्ती असावी. नाही तर एकाने केलेली मांडणी दुसऱ्याचे यंत्र मोडील. जुना कोड एकदाच, स्वतंत्रपणे नीट करून घ्यावा. त्यात दुसरा बदल मिसळू नये. मग बिल्डमध्ये दोन आज्ञा घालाव्या : एक मांडणी सुधारणारी, दुसरी केवळ तपासणारी. तपासणीत दोष आढळताच बिल्ड थांबावे.

मात्र फॉर्मॅटर चुकीचा विचार बरोबर करीत नाही. तो केवळ झाकलेली चूक डोळ्यांपुढे आणतो. वहीतील नीट मांडलेले गणितही तेच करते. उत्तर चुकले, तरी कोठे चुकले ते सापडते. गुरुजनांच्या आग्रहाचे मर्म हेच नव्हे काय?