हाताचं हाड उघडं पडलं तर : फ्लॅपची शस्त्रक्रिया



प्रेस मशीनमध्ये किंवा पट्ट्यात हात सापडला की कातडी सोलून निघते. घरच्यांना वाटतं, मलमपट्टीनं भरून येईल. वरवरची जखम भरतेही. पण आतलं हाड किंवा टेंडन, म्हणजे बोट हलवणारी पांढरी दोरी, उघडी दिसत असेल तर वाट पाहू नका. उघडी दोरी सुकून मरते, हाडात पू होतो आणि बोटं कायमची आखडतात.

आधी काय करावं? स्वच्छ पाण्यानं जखम धुवा, स्वच्छ कापड दाबून बांधा, हात वर धरा. हळद, चुना, कॉफी भरू नका. लगेच दवाखाना गाठा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

मांडीची पातळ साल काढून लावतात, तिला ग्राफ्ट म्हणतात. त्या सालीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या जिवंत मांसातून तिला रक्त मिळतं. आवरण गेलेल्या हाडावर किंवा टेंडनवर ती धरत नाही. तिथे फ्लॅप लागतो. फ्लॅप म्हणजे कातडी आणि चरबीचा रक्तपुरवठा असलेला तुकडा. तो कधी हातावरूनच घेतात, कधी जांघेतून.

जांघेच्या फ्लॅपमध्ये हात सुमारे ३ आठवडे जांघेला शिवलेला राहतो. तेवढ्यात हाताकडून नव्या रक्तवाहिन्या फ्लॅपमध्ये शिरतात. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत जोड कापून हात मोकळा करतात. हे दिवस अवघड असतात. जेवण, आंघोळ, कपडे, सगळ्याला माणूस लागतो. लाजेपोटी किंवा रोजंदारी बुडते म्हणून मधेच घरी निघून जाऊ नका. घरच्यांनी पाळ्या लावाव्यात. फ्लॅप काळा-निळा, पांढरा किंवा गार पडला तर ताबडतोब सिस्टरला सांगा. विडी, तंबाखू, मिश्री बंद. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात. फ्लॅप जाड दिसला तर पुढे तो पातळ करता येतो. बोटांचा व्यायाम मात्र सांगितल्याप्रमाणे रोज करा, नाहीतर कातडी भरूनही हात ताठच राहील.

ही विद्या कुणा एका वर्णाची नाही. पुण्यात विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक बनवलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात ती हकीकत छापून आली आणि युरोपातले सर्जन त्यावरून शिकले. कष्टकऱ्याच्या हातानं जी विद्या जगाला दिली, तिचा उपचार कष्टकऱ्याच्या हाताला मिळालाच पाहिजे.

अपघात कामावर झाला असेल तर केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, जखमेचे फोटो जपून ठेवा. ईएसआय असेल तर तिथे नोंद करा. नसेल तर कायद्यानं मालकाकडून भरपाई मागता येते. मोठ्या सरकारी रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून योजनेची चौकशी करा.

डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारा : हाड किंवा टेंडन उघडं आहे का? असेल तर प्लास्टिक सर्जनकडे आजच पाठवता का?