स्कॅनर घेण्याआधी

कोल्हापूर,
रविवार

चि. ओंकार यास,


तुझा मेल मिळाला, सोबतच्या तिन्ही स्कॅनरची माहितीही वाचली. तिकडे अमेरिकेत एडिसनला बसून २००३ च्या पोर्शे बॉक्स्टर एसचा सौदा करतोयस आणि मला विचारतोस, "मामा, यातला कुठला घेऊ?" तिन्ही खोक्यांवर किती गाड्या चालतात आणि किती फंक्शनं आहेत, हेच ठळक अक्षरांत छापलंय. ते राहू दे बाजूला. बारा वर्षं दुबईच्या वर्कशॉपमध्ये जर्मन गाड्यांखाली झोपून काढली, नंतर उद्यमनगरात स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यातून शिकलो ते एवढंच: गाडीला काय विचारायचंय हे आधी ठरव, मग कुठला स्कॅनर लागतो ते आपोआप कळतं.

आधी माझी फजिती सांगतो. दुबईत नवा असताना एक बॉक्स्टर आली, चेक लाइट लागलेला. हातातल्या साध्या रीडरवर दोन कोड आले, पी११२८ आणि पी११३०. पुढे अर्थ काहीच नाही. पी-शून्यने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना सारखे असतात, पी-एकचे ज्या त्या कंपनीच्या घरचे. कुणीतरी म्हणालं, मिश्रणाचा घोळ आहे. मी ऑक्सिजन सेन्सर बदलले. आठवड्यात लाइट परत. मग हवा मोजणारा सेन्सर बदलला. लाइट परत. शेवटी आमच्या फोरमनने रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक चालू इंजिनभोवती हळूहळू फिरवलं. ऑइल भरायच्या घडीदार नळीजवळ 'सूंऽऽ' ऐकू आलं. नळीला चीर गेली होती आणि इंजिन तिथून न मोजलेली हवा खात होतं. मला म्हणाला, "डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे सेन्सर एकाच दिवशी मरतात का रे?" एक कोड एका बाजूचा होता, दुसरा दुसऱ्या. म्हणजे कारण दोन्हींच्या सामाइक जागी असणार, हे मला सुचायला हवं होतं. कोड म्हणजे साक्ष. निकाल आपण द्यायचा असतो.

ती चीर स्कॅनरवरही दिसली असती, पण कोडच्या पानावर नाही, लाइव्ह डेटात. तिथे फ्युएल ट्रिम नावाचा टक्क्यांतला आकडा असतो, म्हणजे ईसीयू, गाडीचा कॉम्प्युटर, ठरल्यापेक्षा किती पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय. इंजिन नुसतं चालू असताना तो अधिक वीसच्या घरात आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल, तर कुठूनतरी हवा घुसतेय. उलट, जोर लावल्यावर वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाहीये, पंप-फिल्टरकडे बघ. म्हणून पहिली अट: लाइव्ह डेटा न दाखवणारा नुसता कोड रीडर फुकट मिळाला तरी घेऊ नकोस.

आता तुझ्या गाडीची गंमत. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ चं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं, आपल्याकडे २०१३ पासून. पण तो नियम धुरासाठी केलेला. त्यामुळे सर्वसाधारण स्कॅनरला इंजिनापुरतं कळतं. एअरबॅग, एबीएस, अलार्म हे भाग पोर्शेच्या घरच्या बोलीत बोलतात. शिवाय तुझी बॉक्स्टर आजच्या गाड्यांसारखी कॅनवर नाही, सात नंबरच्या पिनवरच्या के-लाइनवर बोलते. त्या लाइनचा वेग सेकंदाला १०,४०० बिट; कॅनचा सहसा ५,००,०००. म्हणून एका वेळी तीन-चारच आकडे बघ. वीस आकडे एकदम मागितलेस तर हातात येईतो ते शिळे झालेले असतात.

ते जेवणाच्या बिलाएवढ्या किमतीचे ब्लूटूथ डोंगल आहेत ना, बहुतेक ईएलएम३२७ च्या नकला आहेत. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. पहिल्या आवृत्तीच्या प्रोग्रॅमला कुलूपच नव्हतं, म्हणून जगभर नकला झाल्या. काही चालतात, काहींत जुन्या के-लाइनचीच काटछाट असते.

सौदा पक्का करण्याआधी गाडीला तीन प्रश्न विचार.

पहिला: विकणाऱ्याने नुकतेच कोड पुसलेत का? कोड पुसले की रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच घेते त्या धुराच्या चाचण्या, त्याही कोऱ्या होतात आणि त्या परत पुऱ्या व्हायला बरंच चालवावं लागतं. लाइट नाही, कोड नाही, पण निम्मे मॉनिटर अपुरे, असं दिसलं तर समजून जा. हे स्वस्त स्कॅनरही सांगतो.

दुसरा: इंजिन किती तास चाललंय? मैलांना तासांनी भाग. ६२,००० मैल आणि २,००० तास म्हणजे ताशी ३१ मैल, ठीक. ४५,००० मैल आणि ३,००० तास आले, तर गाडीने जन्म ट्रॅफिकमध्ये काढलाय किंवा काटा मागे फिरवलाय.

तिसरा: ओव्हर-रेव्ह, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे किती फिरलंय? ईसीयूत याचे दोन खाने असतात. पहिला गाडी जोरात पळवून भरतो, त्याचं फारसं मनावर घेऊ नकोस. दुसरा मात्र सहसा चुकीच्या गिअरनेच भरतो: पाचव्यातून चौथ्यात टाकायला गेला आणि दुसऱ्यात पडला. तिथे रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, चाकंच इंजिनला ओढतात. हा आकडा ठिणग्यांत मोजतात. सहा सिलिंडर, दर फेऱ्याला तीन ठिणग्या. ७,२०० आरपीएमला सेकंदाला ३६०. म्हणजे दुसऱ्या खान्यात ७०० दिसले तर जेमतेम दोन सेकंद. घाबरण्याआधी शेजारी नोंदलेला इंजिनाचा तास वाच. २,००० तासांच्या इंजिनात ती चूक ४०० व्या तासाला झाली असेल, तर त्यानंतर ते १,६०० तास चाललंय. १,९९० व्या तासाला झाली असेल तर गाडी सोड.

दुसरा आणि तिसरा प्रश्न पोर्शेची बोली जाणणाऱ्या साधनालाच विचारता येतात. तुझ्या यादीतलं ड्युरामेट्रिक त्यासाठी पुरेसं आहे. हौशी लोकांसाठीच्या त्यांच्या आवृत्तीत तीन गाड्या बसतात, तुला एक बसली तरी खूप झालं. ते विंडोजवर चालतं, तुझ्या सफरचंदवाल्या लॅपटॉपवर नाही. एखादा जुना लॅपटॉप बघून ठेव. दुसरं काही घेतलंस तर पैसे भरण्याआधी ९८६, म्हणजे तुझं मॉडेल, आणि ओव्हर-रेव्ह दोन्ही यादीत आहेत ना, एवढं बघ. पिविस हे पोर्शेच्या वर्कशॉपचं यंत्र. त्याच्या नकली प्रती स्वस्तात मिळतात, त्या मोहात पडू नकोस. तुला गाडीत वाचायचंय, लिहायचं नाही.

कोड दिसला की लगेच पुसू नकोस. त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाडाच्या क्षणी वेग, तापमान, आरपीएम काय होतं ती नोंद. शिवाय तुमच्याकडच्या धुराच्या तपासणीत २००१ पासूनच्या गाडीचा एकापेक्षा जास्त मॉनिटर अपुरा असला तर परत पाठवतात. आणि काम झालं की डोंगल काढून ठेव. सोळा नंबरच्या पिनला कायम करंट असतो, आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी बसू शकते.

राहिलं ते स्कॅनरच्या पलीकडचं. या इंजिनाचं आयएमएस, म्हणजे मधल्या शाफ्टचं, बेअरिंग बदनाम आहे आणि ते झिजतंय हे खात्रीने सांगणारा आकडा कुठल्याच पडद्यावर येत नाही. जाणकार मेकॅनिककडून ऑइल फिल्टर काढून घे, कागदाच्या घड्या उलगड आणि उन्हात धर. चमचम दिसली तर मालकाचे आभार मानून घरी ये.

सगळं ठीक निघालं तर पहिल्या दिवशीचा पूर्ण स्कॅन सेव्ह कर आणि मला पाठव. पुढे बिघाड झाला तर ताप किती चढलाय हे कळायला अंगाचं नेहमीचं तापमान माहीत असावं लागतं.

एक सांग, या गाडीला सीटा दोनच आहेत, हे ताईला अजून बोलला नाहीस ना? ती मे महिन्यात तिकडे येणार म्हणतेय, भाऊजींना घेऊन.

तुझा,
मामा