जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं ट्रान्समिशन ऑइल : आधी स्टिक बघा, मग काम घ्या



ज्यांना छोटं गॅरेज टाकायचंय किंवा जुन्या गाड्या घेऊन-विकायच्या आहेत, त्यांच्यासाठी आजचा धडा आहे. व्हिडिओत मी स्टिक काढून दाखवलीच आहे. घाईत जे बोलायचं राहिलं ते इथे नीट लिहितो.

आधी एक किस्सा. आपल्या एका बॅचमधला मुलगा, चिंचवडच्या बाजूला दोन गाड्या उभ्या राहतील एवढं गॅरेज. हात चांगला. त्याच्याकडे एक जुनी ऑटोमॅटिक सेडान आली. मालक म्हणाला, "गिअर बदलताना झटका देते, ऑइल बदलून टाक." याने बदललं, पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी फोन आला, गाडी डी मध्ये टाकली तरी जागची हलत नाही. "आधी चालत होती, तू हात लावलास आणि गेली!" पोराकडे काय होतं? जुन्या ऑइलचा फोटो नाही, तक्रार कागदावर नाही, ट्रायल घेतल्याची नोंद नाही. शेवटी दुरुस्तीचा निम्मा खर्च त्याने सोसला आणि दोन महिन्यांची कमाई त्यात गेली.

ऑइल बदलणं चुकीचं नव्हतं. न बघता बदललं, हे चुकलं.

मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच ऑइल गाडी ओढतं. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे जाते ती याच ऑइलमधून. आतल्या क्लच प्लेट दाबल्या जातात त्या याच्याच प्रेशरने, आणि गिअरबॉक्सची उष्णता बाहेर नेतं तेही हेच. म्हणून अर्धा लिटर कमी झालं तरी गाडी बोलायला लागते : डी टाकल्यावर उशिरा पकड घेणं, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, असं.

आता पहिला प्रश्न, समोरच्या गाडीत गिअरबॉक्स कुठला आहे? 'ऑटोमॅटिक' हा शब्द फसवा आहे. होंडा सिटीच घ्या. आपल्याकडे २००३ मध्ये आलेल्या पिढीत ऑटोमॅटिक म्हणजे सीव्हीटी. २००८ च्या शेवटी आलेल्या पिढीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. २०१४ च्या पिढीत पुन्हा सीव्हीटी. नाव एक, पण ऑइल एक धरून चालणार नाही. सेलेरिओसारख्या एएमटी गाडीत तर मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स आहे, क्लच आणि गिअरचं काम तेवढं यंत्र करतं. त्यात ऑटोमॅटिकचं लाल ऑइल ओतणारे महाभाग मी पाहिलेत! त्यामुळे मॅन्युअल उघडा, ऑइलचा ग्रेड बघा, तोच आणा. जुन्या होंडाच्या पुस्तकात झेड-१ लिहिलेलं असेल तर त्याची जागा आता डीडब्ल्यू-१ ने घेतली आहे. बऱ्याच जुन्या ह्युंदाईंना एसपी-३ लागतं. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं डब्यावर लिहिलेलं ऑइल स्वस्त पडतं, पण नवीन गॅरेजवाल्याने तो जुगार खेळू नये असं माझं मत आहे.

आता लेव्हल. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. २००८ नंतरच्या त्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या सिटीसारख्या होंडात गाडी सपाट जागी उभी करायची, रेडिएटरचा फॅन सुरू होईपर्यंत इंजिन गरम करायचं, मग इंजिन बंद. साधारण एक मिनिट थांबून, पण दीड मिनिटाच्या आत स्टिक काढायची, पुसायची, पूर्ण आत घालून पुन्हा काढायची आणि वाचायची. बऱ्याच जुन्या टोयोटांत याच्या उलट आहे. गाडी चालवून गरम करायची, इंजिन चालूच ठेवायचं, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पी वर आणायचा आणि इंजिन चालू असतानाच 'हॉट'च्या खुणांमध्ये लेव्हल बघायची. तिथे इंजिन बंद करून बघितलंत तर ऑइल खाली उतरून लेव्हल खोटी जास्त दिसते, आणि तुम्ही कमी ऑइलची गाडी 'ओके' म्हणून पाठवता.

थंड गाडीवर वाचन घेऊ नका, कारण हे ऑइल गरम झाल्यावर बरंच फुगतं. स्टिक पुसायला धागे सुटणारी चिंधी नको. एक धागा आतल्या बारीक वाटेत अडकला तरी पुरे. काही गाड्यांना स्टिकच नसते. तिथे खालच्या बोल्टमधून, ठरावीक तापमानाला लेव्हल बघतात आणि त्यासाठी स्कॅनर लागतो. तो नसेल तर ते काम सध्या घेऊ नका.

लेव्हल कमी निघाली तर? इंजिन ऑइलसारखं हे जळून कमी होत नाही. कमी आहे म्हणजे कुठेतरी गळतंय : ॲक्सलचं सील, चेंबरचं पॅकिंग, कूलरचे पाइप. नुसतं टॉपअप करून पाठवू नका. आणि जास्त भरणंही तितकंच वाईट. फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, हवा शिरली की प्रेशर पडतं.

मग पांढऱ्या टिश्यूवर दोन थेंब टाका आणि वास घ्या. लालसर, स्वच्छ असेल तर उत्तम. तपकिरी आहे, पण करपलेला वास नाही आणि ट्रायलमध्ये गिअर नीट पडतात, तर बदलायला हरकत नाही. काळपट आणि करपलेला वास, वर गाडी स्लिपही होते, म्हणजे क्लच प्लेट जळल्यात. नवीन ऑइलने त्या परत येणार नाहीत. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरातून पाणी शिरलंय, गाडी चालवायचीच नाही. त्या पोराच्या गाडीत तिसरी अवस्था होती. त्याने वास घेतला असता तर कळलं असतं. जळलेल्या प्लेटची गाडी 'फक्त ऑइल'च्या कामाला घेऊ नका. ग्राहकाला तसं लिहून द्या आणि गिअरबॉक्स उघडणाऱ्याकडे पाठवा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी आणखी एक बघा. दहा-बारा वर्षांच्या गाडीत कालच भरल्यासारखं लालभडक ऑइल आहे आणि बिल नाही, तर 'का बदललं?' हे विचारा.

काम घ्यायचं ठरलं की मशिनने जोर देऊन फ्लश करण्यापेक्षा साधं काढा-भरा करा. जुन्या गिअरबॉक्समध्ये बसलेली घाण सुटून व्हॉल्व्ह बॉडीत अडकण्याचा धोका कशाला घ्यायचा? एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा निम्मं निघालं, तर दोनदा बदलल्यावर पाऊण भाग नवं होतं. म्हणून काही शे किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा बोलवा आणि पहिल्याच कोटेशनमध्ये दोन्ही वेळचं ऑइल धरा. निघालेलं ऑइल मापाच्या डब्यात मोजा, सुरुवातीला तेवढंच भरा, मग गरम करून लेव्हल जुळवा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाका. बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असणं नेहमीचं आहे, पण बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर थांबा आणि मालकाला बोलवून दाखवा. वापरलेलं ऑइल गटारात नाही, अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं.

तपासणीचे वेगळे पैसे घ्या, काम केलं तर बिलातून वजा करा. 'बघायचे कसले पैसे?' असं ऐकायची तयारी ठेवा.

तो मुलगा आता जॉब कार्डवर चार ओळी लिहून सही घेतो : मालकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, किलोमीटर, ट्रायलमध्ये काय जाणवलं, ऑइलचा रंग-वास. टिश्यूचा फोटो नंबर प्लेटसमोर धरून काढतो आणि तिथल्या तिथे मालकाला व्हॉट्सॲप करतो. गेल्या महिन्यात एकाने त्याला जुनाच प्रश्न विचारला, "आधी तर चालत होती ना?" याने फोन काढून फोटो दाखवला.