मोम्बासाला सेवेला जायचंय? आधी वही उघडा

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की या रस्त्याचा एक धागा थेट केनियाच्या किनाऱ्याला जाऊन पोचतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमारानं गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतली बरीच चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या आश्रमात वाढली आणि हातात काहीतरी कसब घेऊन बाहेर पडली. पुढे १८७४-७५च्या सुमारास त्यांच्यातले दीडशेच्या आसपास लोक मोम्बासाला परतले. तिथे सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन नावाची वसाहत उभी राहिली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. नाशिकहून आलेल्यांना तिथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्या काळची घंटा अजून रस्त्याकडेला आहे आणि त्या भागाला नावच पडलंय केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी.

ते गेले ते कायमचे. आपण जातो ते परतीचं तिकीट खिशात ठेवून, त्यामुळे आपल्याला हिशेब करावा लागतो.

आमच्या मंडळीतून सहा जणांचा गट तीन महिन्यांसाठी त्याच भागात जाऊन आला. शाळेत शिकवणं, दवाखान्यात हाताखाली राहणं, रविवारी शब्बाथ शाळा, सुटीत वर्गांना रंग. मी शिकवण्यात नव्हतो आणि रंगकामातही फारसा उपयोगाचा नव्हतो; खर्चाची वही माझ्याकडे होती. पहिल्याच बैठकीत पाळकसाहेब म्हणाले, “बंधू, प्रभू पुरवील, पण पावत्या तुम्ही सांभाळा.” परत आल्यापासून इतर मंडळ्यांतून फोन येतात, “किती लागतात हो?” माझं उत्तर ठरलेलं आहे: तीन महिन्यांना माणशी दीड ते पावणेदोन लाख, आणि परवान्याचा खर्च त्याबाहेर. यातला एक रुपयाही पगार म्हणून परत येत नाही. सेवा फुकट असते ती घेणाऱ्याला.

विमानापासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात आणि बरेचसे तिथेच थांबतात. मुंबई-नैरोबी जाऊन-येऊन ४० ते ६० हजार धरा. डिसेंबरात याहून जास्त. आता साधा भागाकार करा. ५० हजारांचं तिकीट काढून दोन आठवडे राहिलात, तर प्रवासाचाच भार दिवसाला साडेतीन हजारांवर जातो. तेच तिकीट नव्वद दिवसांवर पसरलं, की साडेपाचशे. म्हणून दोन आठवड्यांच्या ‘मिशन ट्रिप’ला मी सरळ नाही म्हणतो. पहिला आठवडा पोट सुधारण्यात जातो, दुसरा निरोपाच्या जेवणांत. तेवढ्या पैशांत तिथल्या एखाद्या शिक्षकाचा पगार निघतो, आणि त्याला स्वाहिली येते.

नैरोबीहून पुढे दुसरं विमान करू नका. २०१७ साली सुरू झालेली मादाराका एक्सप्रेस पाच-सहा तासांत मोम्बासाला नेते. साध्या वर्गाचं भाडं २०२४पासून १,५०० शिलिंग आहे, म्हणजे साधारण हजार-अकराशे रुपये (१०० शिलिंगाला ७० रुपये हा आमचा तोंडी हिशेब होता). फक्त दोन्ही शहरांतली स्टेशनं गावाबाहेर आहेत. तिथून घरापर्यंतचा टॅक्सीचा खर्च वेगळा मांडा.

कागदपत्रांत पैसा कमी आणि पेच जास्त. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. पोलिसांचा दाखला ५००. केनियानं जानेवारी २०२४पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी आणली. ती ३० डॉलर आणि वर थोडं व्यवहार शुल्क, मुदत ९० दिवस. इथवर सोपं आहे.

पण ही परवानगी फिरायला येणाऱ्यांसाठी. काम करायचं, मग ते बिनपगारी असो की देवाच्या नावानं, तर अल्प मुदतीचा स्पेशल पास लागतो. जास्त राहणाऱ्यांना धर्मादाय कामासाठीचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. दोन्हींसाठी अर्ज तिथल्या यजमान संस्थेच्या नावानं जातो. शुल्क बदलत राहतं, तेव्हा त्यांच्याकडून ताजा आकडा लेखी मागवा. आम्हाला एका एजंटानं छातीठोकपणे सांगितलं होतं, “चर्चचं काम ना? त्याला कोण विचारतंय!” शाळेच्या मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशीच विचारलं. कागद येईपर्यंत आमच्या दोन शिक्षिका अकरा दिवस ओसरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मुख्याध्यापकांचं काहीही चुकलं नव्हतं.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. सरकारी केंद्रात ती ३००च्या आसपास पडते, पण तिथे ठरावीक दिवशीच देतात, म्हणून आधी फोन करा. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि जन्मभर चालतो. ती घेतली नाही तर अडवणूक तिकडे होण्यापेक्षा परतताना आपल्याच विमानतळावर होते: सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लेकराला भेटायला आतुर झालेली माणसं बाहेर उभी आणि तुम्ही आत, असं नको.

किनाऱ्यावर मलेरिया आहे. प्रतिबंधक गोळ्यांत डॉक्सिसायक्लिन सगळ्यांत स्वस्त, पण ती रोज घ्यायची आणि परत आल्यावरही चार आठवडे. रिकाम्या पोटी घेऊन लगेच आडवं झालात तर घशात जळजळ होते, शिवाय उन्हात त्वचा लवकर भाजते. कोणती गोळी हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. औषधं, मच्छरदाणी आणि लसी मिळून तीन हजार, प्रवासविमा पाच ते आठ हजार. विम्यात रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च धरलाय का, एवढं एकच कलम चष्मा लावून वाचा.

आता रोजचं. साडेपाचला उठायचं, सहाला प्रार्थना, आणि तिच्याआधी पाणी. मोम्बासात पाण्याची टंचाई कायमची आहे. वीस लिटरचे पिवळे कॅन हातगाडीवर भरून माणूस दारात येतो. माझ्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेला शब्द ‘कॅन’ हाच आहे. सहा माणसं, आंघोळ, कपडे, स्वयंपाक: पहिल्या आठवड्यात आम्ही दिवसाला चौदा कॅन संपवले, शेवटच्या महिन्यात सात. मराठवाड्यातली एक ताई गटात होती, तिनं भांडी विसळलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं झाडांना, असं सगळ्यांना शिकवलं. हीच आमची सर्वांत मोठी बचत.

न्याहारीला महाम्री, म्हणजे वेलची घातलेल्या फुगीर पुऱ्या, आणि नारळाच्या दुधातली तूर. दुपारी मक्याचा उगाली आणि सुकुमा विकी ही हिरवी भाजी. या नावाचा अर्थच मुळी ‘आठवडा ढकला’ असा आहे. पगार संपल्यावर आठवडा काढून देणारी भाजी. चपाती आणि चहा तिथे त्याच नावांनी मिळतात, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुम्बारी म्हणतात, दुकानाला डुका, आणि पैशाला पेसा. गोंधळ होतो तो नात्यांत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. आमच्यातल्या एका तरुणानं पहिल्या संध्याकाळी यजमानांच्या थोरल्या मुलाला मोठ्या आदरानं “दादा” म्हणून हाक मारली. सगळं घर हसलं, तो मुलगा तेवढा हसला नाही.

घरगुती जेवण, राहणं, पाणी, गॅस मिळून माणशी महिना १४-१५ हजार रुपये आले. त्यातली राहण्या-जेवणाची रक्कम पहिल्याच दिवशी पाकिटात घालून यजमान मामांच्या हाती द्या. शेवटच्या दिवशी ‘भेट’ म्हणून देण्याची आपली पद्धत तिथे, आणि खरं तर इथेही, चुकीची आहे. पाहुण्यांसाठी कोंबडी कापताना त्या बाईनं उधारी केलेली असते आणि ती तुम्हाला कधीच सांगणार नाही. आम्हाला हे दुसऱ्या महिन्यात कळलं, तेही किराणावाल्याकडून.

पैसे बाळगायचे कसे? डॉलर न्या, पण नव्या आणि कोऱ्या नोटा; जुन्या, दुमडलेल्या घेताना लोक कुरकुरतात. उतरल्यावर पासपोर्टवर सिमकार्ड घेऊन त्यावर एम-पेसा सुरू करा. २००७पासून चालू असलेली ही मोबाइल-पैशांची सोय भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे वापरतात. पाठवताना दरवेळी थोडं शुल्क कापलं जातं, तेही वहीत लिहायचं. तीन महिन्यांत ते हजारावर गेलं. फिरायला टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच, आणि दुचाकीवाले बोडा-बोडा, त्यांच्यातल्या बऱ्याच गाड्यांवर बजाजचं नाव. दुचाकीवर बसायला आमच्या गटाला बंदी होती. विमा कंपनीनंही तसंच लिहिलं होतं. लिकोनीची फेरीबोट मात्र पायी जाणाऱ्यांना फुकट. स्थानिक प्रवास आणि फोन मिळून माणशी १५ हजार धरा.

एक खर्च कुठल्याच पत्रात नसतो. रविवारी उपासना तीन तास चालते आणि दान एकदाच गोळा होतं असं समजू नका. जे पैसे देऊ शकत नाहीत ते अंडी, केळी, कोंबडी आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आपल्याकडच्या सुगीच्या सणासारखंच, फक्त जास्त वेळा. पाहुण्यांकडे सगळे वळून बघतात. शिवाय हारांबे असते, म्हणजे कुणाच्या फीसाठी, कुणाच्या दवाखान्यासाठी जाहीर वर्गणी. पहिल्या रविवारी आमच्या एका भावानं भावनेच्या भरात एक कोंबडी तिप्पट किमतीला सोडवली. पुढच्या रविवारी पाच कोंबड्या आमच्यासमोर होत्या. त्यानंतर आम्ही माणशी दहा हजारांची एकच रक्कम बाजूला काढली आणि ती तिथल्या मंडळीच्या खजिनदाराकडे पावतीनं दिली. वैयक्तिक मागणी आली, तर नम्रपणे त्यांच्याकडे बोट. कठोर वाटेल, पण तिथल्या वडीलधाऱ्यांनी हेच सुचवलं होतं.

सामानाबद्दल एकच सांगतो. केनियात २८ ऑगस्ट २०१७पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड भलताच मोठा आहे. आईनं चिवडा, लसणाची चटणी, मेतकूट प्रेमानं ज्या पातळ पिशव्यांत बांधून दिलं असेल, त्यातून ते स्टीलच्या डब्यांत काढा. हो, आणि तिथला प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा; अडॅप्टर इथूनच न्या.

घरचा हिशेब लोक मांडतच नाहीत. बिनपगारी रजा असेल तर तीन महिन्यांचे हप्ते, वीजबिल, मुलांची फी आणि म्हाताऱ्या आईवडिलांकडे बघणाऱ्या बाईचा पगार हे सगळं चालूच राहतं. आमच्यातल्या एका भावाचा हा आकडा मोम्बासाच्या सगळ्या खर्चाहून मोठा निघाला. त्यानं जायला नकार दिला, आणि माझ्या मते त्यानं बरोबर केलं.

पैसे उभे करतानाची एक ठेच. मंडळीतल्या भावा-बहिणींनी तुमच्या स्वतःच्या खात्यात मदत पाठवली आणि नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात आलेली एकूण रक्कम ५० हजारांच्या वर गेली, तर नुसत्या वरच्या भागावर नाही, सगळ्या रकमेवर कर लागू होतो. म्हणून वर्गणी मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या खात्यात, पावतीनं, आणि परदेशातल्या खर्चाची त्यांच्या लेखापरीक्षकाला आधी कल्पना देऊन. बाहेर पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांपर्यंत बँक उगमाशी कर कापत नाही. एकट्या माणसाचा खर्च त्याच्या खूप आत बसतो.

शेवटी हाताशी ३० हजार असे ठेवा, ज्यांना कुणी हात लावणार नाही. घरी कुणी गेलं तर दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढायला. आमच्यात ते एकीला लागले.

तीन महिन्यांनी सहा जणांचे मिळून ११,४०० रुपये उरले. ते मंडळीच्या खात्यात भरले, आणि वही उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवली, कोंबडीसकट. तुमच्या मंडळीत असा गट ठरत असेल, तर सभा बोलावण्याआधी एक करा: प्रत्येकाचा पासपोर्ट कपाटातून काढून बघा. प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने मुदत शिल्लक लागते. आमच्यातल्या दोघांची नव्हती.