लांब पल्ल्याची वाट

धावणे ही विद्या मनुष्याला कोणी शिकवावी लागत नाही. नुकतेच चालू लागलेले मूल लगेच धावू पाहते, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की शाळेचे सारे पटांगण धावणाऱ्या पायांनी गजबजून जाते. परंतु जी गोष्ट सर्वांनाच येते, तिच्यावर आपला चरितार्थ चालवावयाचा आणि ती अशी करावयाची की जगाने थांबून पाहावे, हे काम सोपे नव्हे. केनिया देशातील एलियूड किपचोगे या धावपटूंनी हे काम वीस वर्षांहून अधिक काळ केले.

त्यांची हकीकत वाचण्यापूर्वी, मुलांनो, एक लहानसा प्रयोग करून पाहा. पटांगणावर १०० मीटर अंतर मोजा आणि तेवढे अंतर १७ सेकंदांत धावा. तुमच्यापैकी चपळ मुलामुलींना ते साधेल. आता क्षणभरही न थांबता तेवढेच अंतर त्याच वेगाने पुन्हा धावा, मग पुन्हा, आणि असे ४२२ वेळा धावा! तुमचा दम दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच संपेल. पण कोणी ४२२ खेपा पुऱ्या केल्याच, तर तो सुमारे ४२ किलोमीटर धावलेला असेल. मॅरेथॉन नावाच्या शर्यतीचे अंतर एवढेच, म्हणजे नेमके ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. किपचोगे हे अंतर एकदा याच वेगाने धावले. ते कसे, हे आता पाहू.

एलियूडचा जन्म ५ नोव्हेंबर १९८४ रोजी केनियाच्या नंदी जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. चार भावंडांत तो धाकटा. वडिलांचा सहवास त्याला लाभला नाही. त्यांना तो केवळ छायाचित्रातून ओळखत असे. आई बालवाडीत शिकवीत असे आणि तिनेच चौघांना वाढविले. शाळा घरापासून सुमारे तीन किलोमीटर दूर होती, आणि ते अंतर तो धावतच जाई. शाळेचे शिक्षण संपल्यावर त्याने शेजारपाजारचे दूध गोळा करून ते सायकलवरून बाजारात नेऊन विकण्याचे काम केले.

त्याच परिसरात पॅट्रिक सांग नावाचे नामांकित धावपटू राहत होते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळविले होते. एलियूड एके दिवशी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि सरावाचा कार्यक्रम सांगा म्हणाला. सांग यांनी काही दिवसांचा कार्यक्रम सांगितला. तो पुरा होताच मुलगा पुन्हा हजर! असे कितीतरी दिवस चालले. पुढे मुलगा शर्यती जिंकू लागला, तेव्हा सांग यांनी त्याचे नाव विचारले, आणि त्यांना कळले की लहानपणी आपल्याला बालवाडीत शिकविणाऱ्या बाईंचाच हा मुलगा आहे. त्या दिवसांत जुळलेले हे गुरुशिष्याचे नाते पुढे कधी तुटले नाही.

२००३ साली पॅरिस येथे जागतिक मैदानी स्पर्धा झाल्या. ५००० मीटरच्या अंतिम शर्यतीत मोरोक्कोचे हिशाम एल गेरूज आणि इथिओपियाचे केनेनिसा बेकेले हे दोन नामवंत धावपटू उतरले होते. अठरा वर्षांच्या किपचोगेकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. परंतु अखेरच्या काही पावलांत त्याने एल गेरूज यांना मागे टाकले. दोघांमधील अंतर होते एका सेकंदाचे चार शतांश, म्हणजे डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच निकाल लागला. पुढे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच अंतरासाठी त्याला कांस्यपदक आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळाले.

आणि मग वाट अडली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी केनियाचा संघ निवडला गेला, त्यात किपचोगे यांना स्थान मिळाले नाही. त्यांचे वय तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. ज्या शर्यतीत आपण जगज्जेते झालो, तिच्यात आता आपल्याच देशातील तरुण आपल्यापुढे निघून जातात, हे पाहणे कोणालाही जड जावे. धावणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यापुढे तर पोटापाण्याचाही प्रश्न उभा राहतो. किपचोगे यांनी पायांतले जोडे काढले नाहीत. त्यांनी वाट बदलली. वाटोळ्या धावपट्टीवरच्या शर्यती सोडून ते रस्त्यावरच्या मॅरेथॉनकडे वळले. २०१३ च्या एप्रिल महिन्यात जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात ते आयुष्यातील पहिली मॅरेथॉन धावले आणि ती त्यांनी जिंकली.

मॅरेथॉन ही केवळ पायांची शर्यत नव्हे. आपण खाल्लेल्या अन्नातील साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवते. धावताना हाच साठा इंधनाप्रमाणे खर्च होतो, आणि वेगाने धावणाऱ्याच्या बाबतीत तो तीस-पस्तीस किलोमीटरांच्या सुमारास संपत येतो. प्रारंभी उत्साहाच्या भरात जो फार जोराने धावला, त्याचे पाय तेथे शिशासारखे जड होतात. म्हणून येथे उतावळेपणा कामास येत नाही. पहिल्या किलोमीटरलाच शेवटच्या किलोमीटरचा विचार करावा लागतो. अशा शर्यतीत गती स्थिर राहावी म्हणून काही धावपटूंना मुद्दाम मोबदला देऊन पुढे धावावयास लावतात. त्यांना पेसमेकर म्हणतात. ते वारा अडवितात, ठरलेला वेग राखतात आणि बहुधा अर्ध्याअधिक वाटेवर बाजूला होतात. पुढची वाट मात्र ज्याची त्याला चालावी लागते.

व्यावसायिक मॅरेथॉनपटू वर्षातून बहुधा दोनच मोठ्या शर्यती धावतो. शर्यतीचे बक्षीस, आयोजकांकडून मिळणारे मानधन आणि जोडे-कपडे तयार करणाऱ्या कंपन्यांशी झालेले करार यांवर त्याची उपजीविका चालते. एखाद्या शर्यतीच्या दिवशी पोट बिघडले, पाय मुरगळला अथवा ऊन वाढले, तर चार महिन्यांची मेहनत दोन तासांत वाया जाऊ शकते. शेतकऱ्याचे पीक जसे पावसावर, तसे त्याचे पीक त्या एका सकाळवर अवलंबून असते. परंतु नांगरणी कोणी टाळत नाही.

किपचोगे यांची नांगरणी कशी चाले, हे पाहण्यासाठी कप्तागत या गावी जावे लागेल. तेथे धावपटूंचे एक साधे शिबिर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. कप्तागत त्याहूनही बरेच उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटरांवर आहे. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायू कमी मिळतो. ती उणीव भरून काढण्यासाठी शरीर रक्तातील तांबड्या पेशी वाढविते. असा धावपटू सखल प्रदेशात शर्यतीसाठी उतरला की त्याचे रक्त स्नायूंना अधिक प्राणवायू पोहोचवू शकते.

परंतु उंच जागी राहणारे सारेच विजेते होत नाहीत. खरी गोष्ट दिनक्रमाची आहे. पहाटे उजाडण्यापूर्वी उठून तांबड्या मातीच्या रस्त्यावर धावावयाचे. विश्रांती घेऊन दुपारनंतर पुन्हा धावावयाचे. काही दिवशी एका दमात तीस ते चाळीस किलोमीटर. आठवड्याचे अंतर २०० किलोमीटरांपर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ मुंबईहून नाशिकला जाऊन आणखी थोडे पुढे! जेवण साधे, मक्याच्या पिठाच्या उगालीचे. शिबिरातील झाडलोट, भांडी आणि शौचालयांची सफाई धावपटूच पाळीपाळीने करतात. किपचोगे ऑलिंपिकविजेते झाले, लक्षाधीश झाले, तरी त्यांची पाळी चुकली नाही. आठवड्याचे दिवस ते शिबिरात राहत आणि शनिवारी-रविवारी पत्नी व तीन मुलांकडे घरी जात. शिवाय रोज किती धावलो, कसे धावलो, कोणते जोडे घातले होते, हे ते वहीत लिहून ठेवीत. अशा वह्यांची चळत त्यांच्यापाशी साठली आहे.

या नांगरणीला पीकही तसेच आले. २०१४ पासून २०१९ पर्यंत ज्या ज्या खुल्या मॅरेथॉन शर्यतीत ते उतरले, ती प्रत्येक त्यांनी जिंकली. २०१५ साली बर्लिनमध्ये धावताना दोन्ही जोड्यांतील आतले तळवे सरकून बाहेर आले आणि घोट्यांपाशी फडफडू लागले. पाय सोलवटले, रक्त आले. परंतु थांबून जोडे नीट करणे म्हणजे शर्यत घालविणे. ते तसेच धावत राहिले आणि जिंकले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २०१८ साली बर्लिन येथे त्यांनी २ तास १ मिनिट ३९ सेकंद हा जागतिक विक्रम केला. पूर्वीच्या विक्रमाहून हा ७८ सेकंदांनी सरस होता.

दोन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करणे मनुष्याला शक्य आहे का, हा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला जात होता. २०१७ साली इटलीतील मोन्झा येथे किपचोगे यांनी तसा प्रयत्न केला आणि २ तास २५ सेकंदांत अंतर पुरे केले. अवघ्या काही सेकंदांनी हुकले. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या प्राटर उद्यानात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. एकेचाळीस पेसमेकर आळीपाळीने त्यांच्याभोवती धावत होते. त्यांत ऑलिंपिकपदके मिळविलेले खेळाडूही होते. पुढे चालणारी मोटार रस्त्यावर प्रकाशाच्या रेषा टाकून वेग दाखवीत होती. त्यांच्या पायांत नव्या बनावटीचे, पावलाला उसळी देणारे जोडे होते. अखेरच्या टप्प्यात सोबती मुद्दाम मागे राहिले आणि किपचोगे एकटेच पुढे निघाले. वेळ झाली १ तास ५९ मिनिटे ४० सेकंद! आरंभी सांगितलेला १७ सेकंदांचा वेग तो हाच. ही खुली शर्यत नव्हती आणि पेसमेकर बदलले गेले होते, म्हणून अधिकृत विक्रमांत तिची नोंद झाली नाही. परंतु जे अशक्य वाटत होते ते मनुष्याच्या आटोक्यातले आहे, हे त्या सकाळी सिद्ध झाले.

यानंतरची हकीकत केवळ विजयांची नाही. २०२० साली लंडनच्या थंड पावसात एक कान बंद झाल्याने त्यांना त्रास झाला आणि ते आठवे आले. २०२१ साली जपानमधील साप्पोरो येथे त्यांनी दुसरे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारे ते तिसरेच धावपटू. त्यांच्यापूर्वी इथिओपियाचे अबेबे बिकिला आणि पूर्व जर्मनीचे वाल्डेमार चिएर्पिन्स्की यांनी हा मान मिळविला होता. २०२२ साली बर्लिन येथे त्यांनी आपलाच विक्रम मोडून २ तास १ मिनिट ९ सेकंद ही वेळ नोंदविली. परंतु विक्रम कोणाच्याच घरी कायमचा मुक्काम करीत नाही. २०२३ साली शिकागो येथे केनियाच्याच केल्विन किप्टुम या तरुणाने २ तास ३५ सेकंदांत शर्यत जिंकून तो मोडला. दुर्दैवाने काही महिन्यांतच, २०२४ च्या फेब्रुवारीत, मोटार अपघातात किप्टुम यांचा अंत झाला. ते अवघे चोवीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी १० ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. किपचोगे एकोणचाळीस वर्षांचे होते. ज्या शहराने त्यांना अठराव्या वर्षी जगज्जेता म्हटले, त्याच शहरात ते तिसरे सुवर्णपदक मिळविण्यासाठी उतरले. चढणीच्या वाटेवर त्यांची पाठ दुखू लागली. एकामागून एक धावपटू त्यांना ओलांडून गेले. तीस किलोमीटरांनंतर ते थांबले आणि चालू लागले. लोक त्यांच्याभोवती गोळा झाले आणि त्यांच्याबरोबर चालू लागले. किपचोगे यांनी आपले जोडे, मोजे, सदरा आणि छातीवरचा क्रमांक त्या लोकांना देऊन टाकला. आयुष्यात प्रथमच त्यांनी एक मॅरेथॉन अर्ध्यावर सोडली होती.

एखाद्याने तेथेच धावणे संपविले असते, तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु २०२५ साली किपचोगे लंडन, सिडनी आणि न्यूयॉर्क या तीन शहरांत पुन्हा मॅरेथॉन धावले. कोठेही ते पहिल्या तिघांत आले नाहीत. परंतु तिन्ही ठिकाणी त्यांनी शेवटची रेषा ओलांडली. पहिला येण्याचा दिवस वर्षातून एखादा येतो. बाकीच्या दिवशी पहाटे उठावे लागते, वही लिहावी लागते आणि आपली पाळी आली की झाडू हाती घ्यावा लागतो. किपचोगे यांनी तीच वाट धरली होती. विजय तिच्यावर भेटत गेले.

स्वाध्याय

१. पॅट्रिक सांग आणि एलियूड यांची ओळख कशी वाढत गेली ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. २०१२ साली किपचोगे यांच्यापुढे कोणता प्रश्न उभा राहिला? त्यांनी तो कसा सोडविला?

३. व्हिएन्ना येथील धाव अधिकृत विक्रम का मानली गेली नाही? तरीही तिला महत्त्व का आहे?

४. लेखकाने धावपटूच्या सरावाला शेतकऱ्याच्या नांगरणीची उपमा दिली आहे. ती कशी योग्य आहे ते सांगा.

५. वाक्यांत उपयोग करा : डोळ्याचे पाते लवणे, आटोक्यात असणे, वाया जाणे.

६. एक आठवडाभर आपल्या आवडीच्या एका कामाची रोजची नोंद वहीत ठेवा आणि आठव्या दिवशी ती वर्गात वाचून दाखवा.