वहिवाट सुरांची, मालकी दुसऱ्याची

नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे मनाजोगती ध्वनिमुद्रिका हवी असल्यास आगगाडीने अकोला किंवा भुसावळ गाठण्यावाचून गत्यंतर नसे, तेथे माझ्यासारख्या गानलुब्धास मोबाईलवरील संगीतसेवा वरदानच वाटावी यात नवल नाही. मीही वार्षिक वर्गणी भरली, नाट्यपदांची व भावगीतांची प्रशस्त यादी रचली, आणि प्रवासात कामी यावीत म्हणून ती गाणी फोनमध्ये उतरवूनही घेतली. पुढे एके दिवशी त्या यादीतील कित्येक नावे राखाडी पडलेली दिसली. कितीही दाबले तरी स्वर उमटेना. तक्रार करता उत्तर आले की हक्कदाराशी झालेल्या कराराची मुदत संपली असून वर्गणीच्या परताव्याची तरतूद नाही.

हा प्रकार अपवादात्मक नव्हे. २०१९ मध्ये स्पॉटिफाय ही संगीतसेवा भारतात आली तेव्हा सारेगामाचा, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीचा, अफाट संग्रह वादापायी तेथे राहू शकला नाही. २०२० साली करार झाला तेव्हा तो परतला. २०२४ मध्ये तर विंक ही सेवाच गुंडाळली गेली. उतरवलेले गाणे कुलूपबंद असते आणि वर्गणी थकताच मुके होते; वर्गणीदाराकडे केवळ वहिवाट, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे!

तथापि सेवा सोडावी असे माझे म्हणणे नाही. अपरिचित गायक ऐकण्यास तिच्याइतकी सोय दुसरी नाही. परंतु ज्या गाण्यांवाचून आपल्याला करमत नाही, तेवढी विकत घेऊन दप्तरी ठेवावीत. सीडीवरील ध्वनी मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेतो; तो फ्लॅक या फाइलप्रकारात साठवल्यास जागा वाचते आणि ध्वनीचा अंशही गळत नाही. नकला दोन कराव्यात, त्यांपैकी एक आप्तांच्या घरी असावी. कवी, संगीतकार आणि मुद्रिकेचा क्रमांक वेष्टनावरून उतरवून घ्यावा, कारण सेवांच्या यादीत कवीचे नाव पुष्कळदा गाळलेले असते.

घरी जुन्या तबकड्या असतील तर आमच्याकडचा वैशाख मात्र विसरू नये. पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या मुद्रिका वाकतात. त्या खालच्या खोलीत, उभ्या ठेवाव्यात. पुसतानाही जपावे. माझ्या एका स्नेह्यांनी मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी मोठ्या हौसेने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बोळा काळा होत गेला, तेव्हा मळ निघतो आहे असेच आम्हा दोघांस वाटले, वस्तुतः लाखच विरघळत होती. जड, ठिसूळ तबकडी बहुधा लाखेची समजावी आणि तिला स्पिरिटचा स्पर्शही होऊ देऊ नये. मऊ, कोरडा ब्रश तिला पुरतो.