ताळेबंदातला नऊ

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. कारखान्यांची बिलबुकं, युनियनची पत्रकं, लग्नपत्रिका आणि सप्टेंबर जवळ आला की पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं येतात. त्यातल्या एका अहवालाने मला जे शिकवलं, ते इथे सांगतो.

कामगारांच्या एका पतसंस्थेने मागच्या वर्षीचा अहवाल पीडीएफमध्ये पाठवला. "मांडणी हीच ठेवा, यंदाचे आकडे भरा," असं चिटणीस म्हणाले. छपाईला तीनच दिवस होते. वर्डमध्ये फाइल उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. म्हणून पानांची चित्रं करून ओसीआर केलं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेतली. मजकूर सुरेख उतरला. रकाने, चौकटी जिथल्या तिथे. ते पाहून मी निर्धास्त झालो. यंदाचे आकडे दोनदा तपासले. मागच्या वर्षीचा रकाना मात्र वाचलाच नाही. तो तर गेल्या वर्षीच तपासून झालेला!

अहवाल छापून झाला. संस्थेच्या सभेत एक निवृत्त कामगार उभे राहिले. "इमारत निधी गेल्या वर्षी नऊ लाख सतरा हजार, यंदा दीड लाखसुद्धा नाही. आठ लाख गेले कुठे?" मूळ आकडा होता १,१७,४००. ओसीआरने १ चा ९ केला होता. जुना अहवाल आणून दाखवेपर्यंत चिटणिसांसारख्या सचोटीच्या माणसाकडे सगळी सभा संशयाने पाहत होती. ती चूक माझी होती.

पीडीएफ १९९३ मध्ये आली ती कागद सगळीकडे सारखा दिसावा म्हणून. कोणतं चिन्ह पानावर कुठे काढायचं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. त्यामागचं अक्षर ठाऊक असेलच असं नाही. म्हणून आधी एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी नीट आली तर फाइल युनिकोडची आहे. 'मिळकत'चं 'िमळकत', 'मार्च'चं 'माचर्' झालं, तर वेलांटी आणि रफार दिसण्याच्या क्रमाने साठवले गेलेत. ते शोधून दुरुस्त करावे लागतील. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर फॉन्ट जुना आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याचं नाव पाहा आणि त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. ओळ निवडताच येत नसेल तर ते पान म्हणजे चित्र. तिथेच ओसीआर वापरा. मग १-९, घ-ध, भ-म, थ-य या जोड्या डोळ्यांत तेल घालून बघा.

तक्ते रूपांतरातून जसेच्या तसे घेऊ नका. वर्डमध्ये नवा तक्ता आखा, त्यात आकडे भरा आणि प्रत्येक रकान्याची बेरीज मूळ कागदाशी ताडून पाहा. सभासदांची नावं, कर्जं असलेली फाइल फुकटच्या संकेतस्थळावर चढवू नका. आणि सगळ्यात आधी, मूळ अहवाल ज्याने जुळवला त्याच्याकडे त्याची मूळ फाइल मागा. बहुतेक वेळा एका फोनवर काम होतं.

पतसंस्थेच्या अहवालात लोकांच्या घामाचा पैसा असतो. बेरीज जुळल्याशिवाय फाइल छापायला देऊ नका.